नऊ सेकंदांचं काम

बत्तीस वर्षं अंबडच्या एका कारखान्यात मी एकच काम केलं. दुसऱ्यांच्या कामाचा वेळ मोजला. हुद्दा लांबलचक इंग्रजी होता, पण अख्खं शॉप मला ‘घड्याळवाले साहेब’ म्हणायचं. अशा माणसाकडे किस्से आपोआप साठतात, कारण तो कुणाच्याही मशीनपाशी उभा राहिला की तिथे काहीतरी बिघडतंच. आता सकाळी जॉगिंग ट्रॅकच्या बाकावर मित्रांना ते रंगवून सांगतो. एक तेवढा टाळतो.

*

पहिल्या दिवशी सोनवणे साहेबांनी, म्हणजे माझ्या साहेबांनी, चावीचं स्टॉपवॉच हातात दिलं. डायलवर मिनिटाचे साठ नाही, शंभर भाग. हिशेबाला सोपं पडावं म्हणून.

“घड्याळ निम्मंच काम करतं,” साहेब म्हणाले. “माणूस पळत होता की पाय ओढत होता, ते तू ठरवायचं. त्याला रेटिंग म्हणतात. नेहमीच्या चालीला शंभर. कुणी जिवाच्या आकांताने काम केलं, तर एकशे तीस लाव आणि त्या प्रमाणात वेळ वाढवून दे. नाहीतर त्याच्यामागे बाकीचे मरतील.”

मी ते वहीत लिहून घेतलं.

*

त्या घड्याळाची टिकटिक ऐकू यायची. लेथवरचे शब्बीरभाई पाठमोरे असले, तरी मी आल्याचं त्यांना कळायचं आणि त्यांचे हात जड व्हायचे. एकदा ते दोन मिनिटं पाना शोधत राहिले.

“शब्बीरभाई, पाना तुमच्या हातातच आहे.”

“हां साब, पण ते कळायला पण टाइम लागतो ना. लिहून घ्या.”

*

मग डिजिटल स्टॉपवॉच आलं. टिकटिक गेली, पण बटण दाबलं की ‘बीप’ व्हायचं, आणि बीप झाला की सगळी लाइन मंदावायची. एका दुपारी मी नुसताच चहा पीत उभा होतो. कुणाच्या तरी मनगटावरच्या घड्याळाने तीनचा बीप दिला. पंचवीस माणसं एकदम सावकाश झाली! मी चहा टाकून निघून गेलो. शेवटी स्टॉपवॉचचा स्पीकर काढला आणि पँटच्या खिशातल्या खिशात बटण दाबायला शिकलो.

*

वडील शेवटच्या आजारात घरीच होते. डॉक्टर म्हणाले, मिनिटाला किती श्वास घेतात ते मोजून ठेवा. माझा हात सवयीने खिशात गेला. आई माझ्याकडे बघत म्हणाली, “चोरून कशाला मोजतोस? ते काय आता मुद्दाम सावकाश करणारेत?”

मी घड्याळ बाहेर काढलं. मिनिटाला चौतीस होते.

*

सुकदेव चांदवडकडचा. पत्र्याला आकार देणाऱ्या प्रेसवर नवीन लागला होता, अंगाने दणकट. मला बघून हात आवरता घेणं त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. उलट मी आलो की त्याला चेव यायचा. पत्रा आत ठेवायचा, दोन्ही हातांनी दोन बटणं दाबायची, तयार पीस काढायचा. नऊ सेकंद!

“कसं काय, सायेब? लय फास्ट हाय ना?”

शब्बीरभाईंनी त्याला बाजूला घेतलं. “अरे, घड्याळासमोर पळतोस? आज तू हौसेने पळालास. उद्यापासून सगळ्यांना रोज पळावं लागेल.”

मी रेटिंग एकशे तीस लिहिलं होतं. त्या हिशेबाने प्रत्येक पीसला बारा सेकंद मिळायला हवे होते. सोनवणे साहेबांनी कागद बघितला. वरून ऑर्डर आली होती, माल लवकर हवा होता. “शंभर कर,” ते म्हणाले. खोडायला रबर त्यांनीच दिला. मी खोडलं.

*

नऊ सेकंदांना एक पीस, या वेगाने रोज आठ तास काढणं सुकदेवलाही जमेना. प्रेसची दोन बटणं असतात ती दोन्ही हात बाहेर राहावेत म्हणून. त्याने एका बटणात लाकडी पाचर ठोकली आणि एक हात मोकळा केला. पाचव्या महिन्यात प्रेस खाली आली तेव्हा उजवा हात आत होता. तीन बोटं गेली.

चौकशीत मला विचारलं, “आदल्याच आठवड्यात तुम्ही टायमिंग घेतलं. पाचर दिसली नाही?”

“माझं लक्ष घड्याळाकडे होतं,” मी म्हणालो. ते खरंच होतं. रेटिंगचं कुणी विचारलं नाही, आणि मीही तोंड उघडलं नाही. त्याची मला आजही लाज वाटते.

सुकदेवला नंतर गेटवर बसवलं.

*

आता प्रत्येक मशीनवर कॅमेरा आहे. तो टिकटिक करत नाही, बीपही देत नाही, आणि चहाला जात नाही. माझी गरज संपली. निरोपाला मला तेच जुनं चावीचं घड्याळ भेट दिलं. ते घेऊन गेटवर आलो, तर सुकदेव उठून उभा राहिला.

“सायेब, चालू हाय का ते?”

“आहे.”

“मंग लावा.”

त्याने युनिफॉर्मच्या शर्टाची सगळी बटणं सोडली आणि डाव्या हाताने एकेक लावायला घेतली. उजव्या हाताचा अंगठा आणि उरलेलं एक बोट काठ धरायला होतं. मी घड्याळाकडे बघायचं ठरवलं होतं, पण त्याच्या हाताकडेच बघत राहिलो. गळ्याशी शेवटचं बटण लागलं.

“किती झालं?”

“दीड मिनिट.”

“आन रेटिंग किती लावता, सायेब?”