चर आणि ओघळ

रस्त्यात कुठं खोदकाम दिसलं की चरवाले सर थांबायचे. काठावर उकिडवे बसून आतल्या मजुराला विचारायचे, "भाऊ, तुमच्या गावी याले काय म्हणतात?" उत्तर मिळालं की खिशातली वही काढून टिपायचे, त्याचं गाव विचारायचे आणि मगच पुढं निघायचे. बरोबर असणाऱ्याला उशीर झाला तर झाला.

ते आम्हाला जरीपटक्याच्या शाळेत मराठी शिकवायचे. अर्ध्या वर्गाच्या घरी सिंधी चालायची, तरी सरांच्या तासाला कुणी मागच्या दारानं पळत नसे. नववीत एकदा धड्यात 'चर' शब्द आला आणि अख्खा तास त्यातच गेला. नाली म्हणजे कमळाच्या देठाची लेक, ते म्हणाले. नाल म्हणजे पोकळ देठ, आणि नळ, नळी, नाळ सगळे तिच्याच घरचे. खंदक फारसीतून अरबीत गेला आणि फिरत फिरत आपल्याकडे आला. मुळात त्याचा अर्थ नुसता 'खणलेला'. चर कुठून आला? "चर म्हणजे चालणं. पाणी त्यातून चालतं म्हणून चर, असं मला वाटतं. पण हा माझा अंदाज आहे, परीक्षेत लिहू नका."

मग खडू खाली ठेवून ते म्हणाले, "माझ्या मायनं दुष्काळी कामावर चर खणले. ओघळ पाणी पाडतं, तो कुणाचा नसतो. चराला मात्र खणणारा असतो. हे दोन शब्द एकमेकांच्या जागी वापरू नका."

मधल्या सुट्टीत त्यांना 'चरवाले सर' हे नाव मीच ठेवलं. ते त्यांच्या कानावर गेलं तेव्हा ते खूश झाले. "आडनावापेक्षा बरं आहे," म्हणाले.

पुढं मी इंजिनिअर झालो, एका ठेकेदाराकडे लागलो. हुडकेश्वरला पाइप टाकायचं काम माझ्याकडे आलं. एका सकाळी पाहतो तर आमच्या मजुरांशी बोलत सर काठावर बसलेले. निवृत्तीनंतर ते मुलीकडे, सुजाताकडे, त्याच गल्लीत राहायला आले होते. मला पाहून त्यांनी खांद्यावर हात ठेवला आणि मजुरांना सांगितलं, "हा माझा विद्यार्थी." निघताना म्हणाले, "काहून गा विलास, इथं पट्टी नाही लावली? लहान लेकरं खेळून राहिले ना."

"उद्या लावतो, सर."

धोक्याची पट्टी आणि अडथळे दुसऱ्या साइटवर गेले होते. आणायला फोन करायचा होता. मी केला नाही.

तिसऱ्या दिवशी पाऊस झाला आणि चर रस्त्याच्या बरोबरीनं भरला. सकाळी दुधाला निघालेल्या सरांना तो दिसला नाही. खुब्याचं हाड मोडलं. सुजातानं महापालिकेत तक्रार केली, आणि आमच्या ठेकेदार साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "अहवालात चर लिहू नको. पावसानं माती वाहून ओघळ पडला, असं लिही. नैसर्गिक."

मी लिहिलं. सुवाच्य अक्षरात, खाली पूर्ण सही करून.

त्या अहवालाची प्रत तक्रारदाराला जाणार हे मला माहीत होतं. तरी आठवड्यानं मी फळं घेऊन सरांना भेटायला गेलो. ते पलंगावर पडून होते. उशाशी तो कागद होता.

"वाचलं मी," ते म्हणाले. "शुद्धलेखन चांगलं आहे तुझं."

"सर, साहेबांनी सांगितलं म्हणून..."

"हो. पण लिहिलं कोणं?"

माफी मागायला तोंड उघडलं आणि तोंडातून निघालं, "दुखतं का फार?" ते म्हणाले, "आता कमी आहे," आणि सुजाताला हाक मारून माझ्यासाठी चहा सांगितला. चहा येईपर्यंत ते माझ्या आईची, लेकीच्या शाळेची चौकशी करत होते. मी चहा पिऊन निघालो.

पंधरा दिवसांनी साहेबांचा फोन आला. तक्रार मागं घेतली गेली होती. कशी, का, मी विचारलं नाही. त्या सकाळी साइटवर सगळ्यांना मी तर्री-पोहे खाऊ घातले.

सर पुन्हा चालले नाहीत. चार महिन्यांनी गेले. मला हे एका वर्गमित्राकडून कळलं, तेही तिसऱ्या दिवशी. घरी गेलो तर बुद्धवंदना नुकतीच आटोपली होती, लोक उठत होते. सुजातानं मला पाहिलं, पाणी आणून दिलं.

"मले मागं घ्यायची नव्हती तक्रार," ती म्हणाली. "बाबांनी घ्यायला लावली. म्हणाले, साहेब सुटून जाईन, सही पोराची आहे. पोराची नोकरी जाईन."

तिच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. ती दमलेली होती. मी पाण्याचा पेला हातात धरून उभा राहिलो, आणि मागून कुणीतरी आलं म्हणून बाजूला झालो.

दुसऱ्या दिवशी मी नवा अहवाल लिहिला. चार ओळींचा. हा चर आमच्या कामाचा होता, उघडा होता, सांगूनही मी पट्टी लावली नव्हती. तो घेऊन महापालिकेच्या कार्यालयात गेलो. तिथल्या बाबूंनी वाचला, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि कागद परत माझ्याकडे सरकवला.

"फाइल बंद झाली ना, साहेब. आता कशाले उकरून राहिले?"

मी आग्रह धरला नाही. कागद घडी करून खिशात ठेवला आणि तिथून थेट साइटवर कामाला गेलो.