घोड्यावरचं रेशनकार्ड

काल इंदापूरच्या आरोग्य कार्यशाळेत स्पिरिटचा वास आला आणि मी वीस वर्षं मागे गेलो.

एका दवाखान्याची खिडकी. मेंढपाळ बिरूतात्यांनी बायकोला कोकणातून एसटीनं आणलेलं. ती बाकावर धापा टाकत होती. मोफत उपचारासाठी कारकून रेशनकार्ड मागत होता.

“कार्ड बिऱ्हाडासंगं घोड्यावर हाय, सायेब. आन् घोडं मेंढरांसंगं कोकणात!”

मी आरोग्यहक्कांचा कार्यकर्ता, विनवून थकलो. शेवटी छाती धरून धाडकन आडवा झालो. माझ्या इस्त्रीच्या शर्टासाठी स्ट्रेचर धावत आलं. कार्ड कुणी विचारलंच नाही. मी टुणकन उठलो. “आता ह्यावर बाईंना घ्या!”

हा किस्सा मी सभांमध्ये रंगवून सांगतो, लोक पोट धरून हसतात. स्ट्रेचरवर ठेवताना तिचा हात गार पडला होता, एवढं मात्र गाळतो.