परतीचं प्रस्थान

खाडीवर पूल झाल्यावर वाशीचं नवं शहर उभं करायला त्यावरून जेवढं सामान आलं असेल, त्याहून जास्त सामान आमच्या आत्याला चार दिवस कुठे जायचं म्हटलं की लागायचं. हे मी पूर्ण जबाबदारीने लिहिते आहे. पत्रकं लिहून लिहून हिच्या पेनालाच आरडाओरड्याची सवय लागली, असं आमचे अण्णा म्हणतात. पण आत्याच्या सामानाबद्दल वाढवून लिहायला ती जागाच ठेवत नसे. ठाण्याला एका बारशाला जाऊन संध्याकाळी परत यायचं, तरी तिच्याबरोबर विळी असायची, कारण परक्यांच्या विळ्यांना धार नसते. मेणबत्ती असायची, कारण ठाण्यात वीज जाते. सुंभाची दोरी असायची, आणि ती कशाला, असं विचारलं की "लागली म्हणजे?" एवढंच उत्तर मिळायचं. या उत्तरापुढे कुठल्याही वक्त्याने तोंड उघडून दाखवावं, हे माझं जाहीर आव्हान आहे. स्टोव्हची पिन तर ती कनवटीलाच लावून न्यायची. चोर घरात शिरलाच, तर निदान त्याला आयता चहा मिळू नये!

ही आत्या म्हणजे अण्णांची थोरली बहीण. लग्नानंतर थोड्याच वर्षांत आतोबा वारले आणि ती आमच्याकडे, तेव्हाच्या मुंबईतल्या घरी आली, ती माझ्या जन्माच्याही आधी. बुटकी, चष्म्याच्या काडीला दोरा बांधलेली, आणि चालताना सतत कुठेतरी उशीर झाल्यासारखी. मी तेव्हा कॉलेजातून नुकतीच बाहेर पडले होते आणि आमच्या सेक्टरच्या पाण्यासाठी लढत होते. नळाला येणारं पाणी माणसांनी पिण्याच्या लायकीचं नाही, असं मी पत्रकात ठणकावून लिहिलं होतं. ते पत्रक जिन्याजिन्यात वाटून मी खाली बैठक भरवली, त्याच दिवशी आत्या लोणावळ्याला निघाली, ती कळशीभर वाशीचं पाणी घेऊन. "तिकडचं बाधतं गो बाय. आपलं पाणी ते आपलं पाणी." कळशीला फडकं बांधून ती ऐन बैठकीतून, सगळ्या सोसायटीच्या देखत रिक्षाकडे गेली. आमच्या चळवळीची एवढी बेअब्रू विरोधकांनीसुद्धा कधी केली नाही.

पण सामानाहूनही माझा खरा राग होता तो तिच्या प्रस्थानावर. निघायच्या दिवशी वार किंवा वेळ बरी नसेल, तर आधीच्या एखाद्या चांगल्या मुहूर्तावर आपल्या सामानातलं गाठोडं, त्यात मूठभर तांदूळ आणि सुपारी ठेवून, शेजाऱ्यांकडे नेऊन ठेवायचं. गाठोडं गेलं म्हणजे आपण निघालो. मग माणूस दुसऱ्या दिवशी कुठल्याही वेळी निघो, प्रवास आधीच सुरू झालेला असतो आणि ग्रहांना पत्ता लागत नाही. ग्रहांना एवढं बावळट समजणारी माणसं त्यांना घाबरतात कशाला, हा माझा सवाल होता आणि आजही आहे. एकदा पुण्याच्या लग्नाला जाताना तिने खालच्या मजल्यावरच्या वहिनींकडे प्रस्थान ठेवलं. वहिनी सकाळी कुलूप लावून कल्याणला गेल्या. त्या गाठोड्यात अण्णांच्या सगळ्या पॅंटी होत्या. अण्णा पुण्याच्या मांडवात पायजम्यावर कोट घालून उभे राहिले, आणि वधूपक्षाने त्यांना आचारी समजून बटाट्यांची चौकशी केली. "पण प्रवास सुखरूप झाला की नाही?" आत्या म्हणाली. अण्णा आठवडाभर तिच्याशी बोलले नाहीत. तिला ते कळलंच नाही, कारण एरवीही बोलायची ती एकटीच.

अशा माणसाला घेऊन आम्ही सहकुटुंब बोटीने कोकणात जायचं ठरवलं. आत्याच्या धाकट्या दिराच्या मुलाचं लग्न होतं, अण्णांना रजा मिळत होती, आणि भाऊच्या धक्क्यावरून सुटणारी बोट तेव्हा अजून विजयदुर्गाला थांबत होती. "डेकवर चटया टाकू, वारा खात जाऊ, आठवडाभर राहू," अण्णा म्हणाले. "ताई, तुझं सासरही किती वर्षांनी बघशील."

आत्या म्हणाली, "बघेन की."

मी कंबर कसली. या खेपेला प्रत्येकी एकच पिशवी, असा फतवा काढला आणि पत्रकाच्या थाटात मोठ्या अक्षरांत लिहून स्वयंपाकघराच्या दाराला चिकटवला. विळी बंद. कळशी बंद. मेणबत्ती, दोरी, स्टोव्हची पिन सर्व बंद. आत्या उपोषणाला बसेल अशी माझी अटकळ होती. पण आत्याने फतवा वाचला, मान हलवली आणि अण्णा, आई, मी आणि ती अशा आमच्या चौघांच्या पिशव्या सुटसुटीत भरून दिल्या. मला विजयाचा संशय यायला हवा होता, पण विजयाचा संशय घ्यायची आम्हा चळवळवाल्यांना सवय नसते.

निघायच्या आदल्या दिवशी तळवलीची भाजीवाली आली. ती दर दोन दिवसांनी यायची आणि दोघींची दर खेपेला नव्याने भांडणं व्हायची. दाराशी पाटी उतरवता उतरवता तिला कॉटखालून ओढून काढलेली आत्याची पत्र्याची ट्रंक दिसली. दोरीने करकचून बांधलेली. "गो आत्या, यवरं सामान! घर सोरून चाललीस का काय?"

एरवी आत्याने तिला तिथल्या तिथे सोलून काढलं असतं. त्या दिवशी तिने फक्त "मेथी कशी दिलीस?" असं विचारलं, आणि भावही न करता दोन जुड्या घेतल्या. तेव्हा मात्र मी दचकले.

भाजीवाली गेल्यावर मी ट्रंक उघडली. आत सगळ्यात वर गोधडी होती. खाली तिचा जेवायचा पाट, आतोबांचा फोटो, छत्री, लोकरीचा कानपट्टा, आणि देवीची तसबीर, भिंतीतल्या खिळ्यासकट.

"आत्या, मे महिन्यातल्या लग्नाला गोधडी?"

"थंडीत लागेल."

"कुठल्या थंडीत?"

"येणाऱ्या. तिकडे नदीकाठी गारठा असतो." आणि मेथी निवडता निवडता, वर न बघता, "दोन खोल्यांची तुमची जागा. उद्या तुझं लग्न होईल, जावई येतील-जातील. बाळूला तोंडाने सांगायला जड जातंय, म्हणून बोट काढलीन त्याने, मला तिकडे पोचवायला. मला काय कळत नाही होय?"

बाळू म्हणजे अण्णा. अण्णांच्या मनात असलं काही स्वप्नातही आलं नव्हतं. पण मला अण्णांना हाक मारायचंही सुचलं नाही, कारण मला भाषण सुचलं होतं. हे घर जेवढं अण्णांचं तेवढंच तुझं, घरावरचा हक्क ही कोणाची मेहरबानी नसते, वगैरे. माझा आवाज सानपाड्यापर्यंत गेला असेल. शेवटी मी खिळा पुन्हा भिंतीत ठोकला, तसबीर लावली, ट्रंक कॉटखाली ढकलली आणि जाहीर केलं, "ट्रंक इथेच राहील. तूसुद्धा परत इथेच येणार. चार दिवसांचा प्रश्न, कशाला हवंय एवढं सामान?"

आत्या म्हणाली, "बरं."

बोटीवर पोचलो. डेकवर आम्ही चटया टाकून जागा धरली. कोणी पत्ते काढले, कोणाला धक्का सुटायच्या आतच बोट लागली. एरवी आत्याने अख्ख्या डेकला आवळासुपारी वाटून बोट आपल्या ताब्यात घेतली असती. ती आपली पिशवी मांडीवर घेऊन कठड्याशी बसून राहिली. आईने दशम्या पुढे केल्या, त्या तिने परत केल्या. मी तिच्याजवळ सरकले आणि विचारलं, आता काय झालं?

"काही नाही गो. तेव्हासुद्धा सासरे हेच म्हणाले होते. शब्दन् शब्द. हे जाऊन महिना झाला होता. म्हणाले, चार दिवस माहेरी जाऊन ये, कशाला हवंय एवढं सामान. अशीच एक पिशवी दिलीनी हातात, आणि बोटीत बसवलनी." तिने पिशवीचे बंद नीट केले. "मग कोणी न्यायलाच आलं नाही. मी आपली रोज वाट बघायची, धक्क्यावर कोण उतरतंय."

मी इतक्या विषयांवर इतकी पत्रकं लिहिली. त्या क्षणी डोक्यात आणखी एक तयार झालं, निषेधाचं, जळजळीत. पण ते ज्यांच्या हातात द्यायचं ते सासरे केव्हाच वारले होते. मी उठले आणि डेकच्या दुसऱ्या टोकाला पत्ते खेळणाऱ्या अण्णांना सगळं सांगितलं. अण्णांनी हातातली पानं खाली ठेवली. मग म्हणाले, "तांदूळ मिळतील का गं तिकडे मूठभर?" मला वाटलं, यांनाही बोट लागली.

विजयदुर्गाला बोट लांब उभी राहायची आणि माणसं पडावातून किनाऱ्याला यायची. तसे आम्ही उतरलो. दिराच्या घरी मांडव पडला होता, स्वागत झालं, चहा झाला. आत्या ओटीच्या कोपऱ्यात पिशवी धरून बसली, अगदी परक्या माणसासारखी. अण्णांनी माजघरातून तांदूळ मागून आणले, आत्याच्या हातातून पिशवी घेतली, त्यात ते टाकले, आणि सगळ्या पाव्हण्यांच्या देखत अंगण ओलांडून शेजारच्या घरात ती ठेवून आले. दीर बघतच राहिले. "काय हो, आत्ता तर आलात. पिशवी कुठे चालवलीत?"

"ताईचं प्रस्थान ठेवलं," अण्णा मोठ्याने म्हणाले. आयुष्यभर ज्यांनी या प्रकाराची टर उडवली, पायजम्यावर पुणं काढलं, ते माझे अण्णा! "पुढच्या आठवड्यात वाशीला परत जायचंय ना आम्हाला. निघायचं गुरुवारी, तो वार बरा नाही. म्हणून आजच ठेवलं. ती निघालीच, असं समजा."

आत्या चष्म्यातून अण्णांकडे बघत होती. मग ती एकदम उठली.

"गुरुवारला काय धाड भरलीय रे? चांगला वार आहे. आणि सुपारी? सुपारी कुठाय?"

"सुपारी राहिली."

"सुपारीशिवाय प्रस्थान ठेवलंस, मेल्या? एवढा घोडा झालास तरी अक्कल नाही. आणि आता आंघोळ झाल्यावर नेसायला मला लुगडं कोण देणार, तुझा बाप?" आणि ती तरातरा शेजारच्या घराकडे निघाली, सुपारी घेऊन. अण्णा खांबाला टेकून हसत होते. मला त्या क्षणी इतकं हलकं वाटलं की अख्ख्या मुहूर्तशास्त्राला मी आठवडाभरासाठी माफी देऊन टाकली.

पुढचे दिवस दिराच्या घरावर जे गुदरलं, ते मी डोळ्यांनी पाहिलं. आत्या परतीचं सामान बांधायला लागली. आमसुलं, कुळथाचं पीठ, आठळ्या, हे झालं रीतीचं. मग ती माळ्यावर चढली आणि तांब्याचं घंगाळ घेऊन उतरली. "हे माझ्या लग्नातलं." दीर म्हणाले, "न्या वहिनी." मग घरामागच्या परड्यातून एक लहानसं जातं उकरून काढलं. "हेही माझं. माझ्या आईने दिलेलं." दीर डोकं खाजवत म्हणाले, "न्या." ना घोषणा, ना निवेदन, ना शिष्टमंडळ. मागणी अशी मांडावी! पडावात जातं चढवताना होडीवाला ओरडला, "आजी, होडी बसेल हां खाली!"

"बसू दे," आत्या म्हणाली. "एकदा सोडून गेले होते. आता नाही सोडणार."

डेकवर तिने तीन कुटुंबांची जागा अडवली, सगळ्यांना आवळासुपारी वाटली, आईच्या दशम्या संपवल्या आणि जात्याला पाय लावून गाढ झोपली. वाशीला पोचल्यावर जातं जिन्याने वर चढवताना अण्णांची कंबर धरली. अण्णांनी एका अक्षराने कुरकुर केली नाही.

पुढे त्या बंदरांत बोटी थांबेनाशा झाल्या. गोधडी त्या हिवाळ्यात कॉटवर पसरली आणि तिथेच राहिली. ट्रंकेला दोरी पुन्हा बांधलेली मी पाहिली नाही. त्यात आता कांदे असायचे. आत्याचं सामानही हळूहळू कमी होत गेलं. आधी मेणबत्ती गेली, मग विळी, मग कळशी. मला याचा आनंद व्हायला हवा होता, पण घर थोडं ओकंओकं वाटायला लागलं होतं खरं.

मागच्या महिन्यात तिच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, ठाण्याला. दोन दिवस राहायचं होतं, सोबतीला मी. ती नुसता हातरुमाल घेऊन निघाली आणि जाऊन रिक्षात बसली. "आत्या, निदान टॉवेल तरी?" मी म्हटलं. "कशाला? परत यायचंच आहे की." रिक्षावाल्याने हॅंडल मारलं. मला काय झालं कोण जाणे, मी त्याला थांबवलं आणि जिना चढून वर धावले. टॉवेल, शाल, तांब्या, मेणबत्ती, आणि कळशी नाही तरी बाटलीभर आपलं पाणी, जे दिसेल ते भरत सुटले. खाली येऊन ते सगळं तिच्या मांडीवर कोंबलं, तेव्हा शेजारी पाटी घेऊन उभी असलेली तळवलीची भाजीवाली फिदीफिदी हसत होती.

आत्याने पिशवीत हात घालून चाचपलं. सुंभाची दोरी हाताला लागली.

"काय गो बाय हे," ती म्हणाली, "घर सोडून चाललीस का काय?"