राहू का, बाई?

खाला कुणाच्याही घरी कामाला लागण्याआधी एकच प्रश्न विचारायची, आणि तोही घरच्यांना नाही, अंथरुणावर पडलेल्या माणसाला. “मी राहू का?” त्या माणसानं होकार दिला नाही, तर ती चपला घालून चालती व्हायची. घरचे किती का पाया पडेनात. मी पडून पाहिलं आहे.

आईला अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा मी पुण्याहून अकोल्याला धावले. वडील आधीच गेलेले, भावंड नाही, आणि रजा पंधरा दिवसांची. आईची उजवी बाजू गेली होती, वाचा गेली होती. तीस वर्षं एका हाकेत वर्ग गप्प करणाऱ्या माझ्या आईला आता बोलायला डाव्या हाताचा पंजा तेवढा उरला होता. अमरावतीच्या एका नर्सिंग ब्युरोनं पाठवलेली पहिली बाई दिवसभर मोबाइलमध्ये डोकं घालून बसायची. दुसरी आईची कूस बदलायचीच नाही. पाठीला जखम झाली तेव्हा मला कळलं. तिसरी येते म्हणाली आणि आलीच नाही. रजेचे चार दिवस उरले. आधार कार्ड, पोलिसांचा दाखला, आधीच्या घरांचे नंबर, मी दिसेल त्या बाईला सगळं विचारत होते. शेवटी जखमेची पट्टी बदलायला येणारा कंपाउंडर म्हणाला, “जुन्या शहरात एक खाला हाये. हात लय चांगला, पन डोकं जरा फिरेल हाये.”

खाला आली. पन्नाशीची, ठेंगणी, डोक्यावर ओढणी, खांद्याला कापडी पिशवी. ‘आपल्यातली बाई मिळाली नाही का?’ असं विचारणाऱ्या मावशीचा फोन मी नुकताच कापला होता. मी औषधांची यादी वाचायला घेतली, पण खाला सरळ आईजवळ जाऊन बसली.

“बाई, पाठ दुखते का?”

“खूप दुखते हो,” मी म्हणाले.

“म्या इचारलं कोनाले, आन् बोल्लं कोन?” माझ्याकडे न बघताच ती म्हणाली. मग आईचा डावा पंजा हातात घेतला. “बाई, मी राहू का? राहा म्हनत असान त हात दाबा.”

आईनं हात दाबला नाही. खाला उठली. दारात मी तिला अक्षरशः अडवलं, खाली वाकले.

“ताई, मानसाचं सारं उघडं होते माह्यासमोर. त्यानं हो म्हनल्याबिगर हात कसा लावू? उद्या येतो.”

दुसऱ्या दिवशीही तेच. ती गेल्यावर मी आईवर ओरडले. “दाब ना हात! माझी नोकरी घालवायची आहे का तुला?” जन्मात पहिल्यांदा. आईनं भिंतीकडे तोंड फिरवलं. मी न्हाणीघरात नळ सोडून रडले.

तिसऱ्या दिवशी खाला आईजवळ बसून तिची नजर कुठे जाते ते बघत राहिली. मग मला म्हणाली, “ताई, बाई मले नाही म्हनून नाही राहिल्या. मी राहिलो का तुमी चालल्या, हे समजून राहिलं त्याइले.”

आई माझ्याकडे बघत होती. उद्याचं तिकीट पर्समध्ये होतं. माझ्यावरची नजर न काढता आईनं खालाचा हात दाबला, इतक्या जोरात की खालाच्या बांगड्या वाजल्या.

त्यानंतर खाला रोज सकाळी तोच प्रश्न नव्यानं विचारायची. “कालचं ‘हो’ कालचं झालं,” म्हणायची. महिन्याभरात पाठीची जखम भरली. मी फोन केला की तो आईच्या कानाशी ठेवून ती खोलीबाहेर जायची. “मायलेकीचं बोलनं मी काहून आयकू?” बोलायचे मी एकटीच. पलीकडून आईचा श्वास ऐकू यायचा, तेवढ्यावर माझा दिवस निघायचा.

चार महिन्यांनी एका सकाळी तिचा फोन आला. “ताई, आज बाईनं हात दाबला नाही. तुमी या.”

मी ऑफिसला निघाले होते. “झोपेत असेल खाला, थोड्या वेळानं परत विचारा.”

“बरं,” ती एवढंच म्हणाली. आई दुपारी गेली. प्रश्न आईला होता आणि उत्तर मी देऊन टाकलं होतं, हे मला अकोल्याच्या बसमध्ये कळलं, आणि ते ओझं अजून उतरलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोहोचले तेव्हा खाला आईच्या उशाशी बसून होती. तिनं मला चार शब्द सुनावावेत असं फार वाटत होतं. तिनं पाण्याचा पेला दिला.

आईला उचलायची वेळ झाली. खालानं पिशवी खांद्याला लावली, खाली बसून आईचा डावा पंजा हातात घेतला आणि विचारलं, “बाई, जाऊ का?”

“जा माय, आता त्या काय सांगतीन?” गर्दीतून कुणीतरी म्हणालं.

खाला जागची हलली नाही. हात धरून वाट बघत राहिली. मी तिच्याशेजारी जाऊन बसले, आणि या वेळी मधे बोलले नाही.