काचेच्या पेटीतला ताप

फुंकरबाईंच्या दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाला स्टूल मिळणार की नाही, हे त्याच्या पहिल्या वाक्यावर ठरायचं. "चालता चालता बंद पडतो हो, बघा जरा," असं म्हणणाऱ्याला स्टूल मिळे. "मॅडम, मी नेटवर बघितलंय, ड्रायव्हरचा प्रॉब्लेम आहे," असं म्हणणारा मात्र काम संपेपर्यंत उभा राही. "बघितलंय ना? मग करायचं की घरीच. इकडे काय हवा खायला आलात?" हे वर आणखी ऐकावं लागे ते वेगळंच.

दुकान म्हणजे एका जुन्या इमारतीच्या जिन्याखालची जागा. जाडजूड माणसाला आडवं होऊन आत यावं लागे. आत एक लांब टेबल, दोन मॉनिटर, स्क्रूंच्या डब्या आणि भिंतीला टांगलेले वायरींचे जुडगे. वडील टेबलफॅन दुरुस्त करायचे, त्यांच्या शेजारी बसून बाई शिकल्या. वडिलांचे पंखे गेले, कॉम्प्युटरचे आले. पण कुठलाही पंखा हातात आला की तो तोंडाशी धरून आधी फुंकर मारायची आणि पाती कशी फिरतात त्यावरून त्याची तब्येत सांगायची, ही सवय गेली नाही. नाव त्यावरूनच पडलं. खरं नाव बँकेच्या पासबुकात होतं, आणि तिथेच राहिलं.

बाईंचा सगळ्यात जास्त राग होता तो गेम खेळणाऱ्यांच्या मशीनवर. मशीनवर म्हणण्यापेक्षा ती विकत घेणाऱ्यांवर. पूर्वी कॉम्प्युटर टेबलाखाली गप पडलेला असायचा. आता त्याला काचेची पेटी हवी, पेटीत दिवे हवेत, दिव्यांनी रंग बदलायला हवा. आणि एवढं करून तो दर अर्ध्या तासाने मान टाकणार. "बडा घर पोकळ वासा," असं त्या अशा मशीनच्या तोंडावर म्हणत. मालकाच्याही.

दातांच्या डॉक्टरचा फोन आला तेव्हा त्या नाहीच म्हणणार होत्या. घरी जाऊन काम करणं त्यांनी कधीच सोडलं होतं. पण डॉक्टर म्हणाला, "मॅडम, एक्सपर्टनंही हात टेकले," आणि बाईंच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. हा एक्सपर्ट म्हणजे मोठ्या रस्त्यावरच्या झगमगीत दुकानाचा मालक; डॉक्टरचं मशीन खोलून नव्याने सजवणाराही तोच. कॉम्प्युटर जुळवतानाचे व्हिडिओ काढायचा आणि त्यात हातमोजे घालून बोलायचा. बाईंच्या मते त्याला स्क्रू कुठल्या बाजूला फिरवतात हेही व्हिडिओ बघूनच कळलं होतं. त्याने हात टेकलेली जागा बघायला त्या मुद्दाम पिशवी घेऊन निघाल्या.

खाली दवाखाना, वर घर. बाहेरच्या खोलीत शिरल्या शिरल्या मशीन दिसलं. काचेची बाजू पाहुण्यांच्या सोफ्याकडे केलेली, आत नऊ पंखे, आणि निळ्याचं जांभळं, जांभळ्याचं गुलाबी असा एकसारखा खेळ चाललेला.

"सर्कशीचा तंबू आहे की काय?" बाई म्हणाल्या.

डॉक्टर कसनुसा हसला आणि पाढा वाचू लागला. रॅम बदलून झाली. पॉवर सप्लाय बदलला. ग्राफिक्स कार्ड, म्हणजे पडद्यावरचं चित्र काढणारा भाग, तोही नवा घातला. विंडोज चार वेळा टाकलं. तरी मध्येच पडद्यावर रंगीत चौकोन येतात, चित्र फाटतं, आणि सगळं काळं होतं. कधी कधी तर काहीच न सांगता मशीन आपलं आपण बंद.

"रोग म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला," बाई म्हणाल्या. "खेळतं कोण? तुम्ही?"

"छे, मला कुठला वेळ! आई खेळते."

मशीनच्या शेजारी एका टेबलाला खरंखुरं वाटावं असं स्टीअरिंग जोडलं होतं, खाली पायाशी पेडल. त्यामागच्या खुर्चीत सत्तरी ओलांडलेली एक बाई बसली होती, हातात काठी. ट्रक चालवायचा खेळ खेळायची ती, रोज.

"तिला यातलं काही कळत नाही हो," डॉक्टर आवाज न उतरवताच म्हणाला. "काहीतरी दाबते, आणि मग बंद पडतं."

"मी सांगू का, काय होतं ते—" आईने तोंड उघडलं.

"आई, थांब गं. मॅडमना काम करू दे."

"नंतर हं, मावशी," फुंकरबाईही म्हणाल्या. मान वर न करता.

त्यांनी काच काढून सोफ्याला टेकवली, मशीन चालू केलं आणि तापमान बघितलं. प्रोसेसर, म्हणजे मशीनचं डोकं, दोन मिनिटांत अठ्ठ्याण्णववर. त्याच्यावरचा थंड करणारा ठोकळा त्यांनी खोलला, उलटा केला आणि खोली दणाणून जाईल अशा हसल्या. ठोकळ्याच्या तळाला, जिथे धातूला धातू भिडायला हवा, तिथे प्लॅस्टिकची पातळ पट्टी तशीच चिकटलेली होती. त्यावर लाल अक्षरांत काहीतरी छापलेलं.

"डॉक्टर, वाचता येतं ना?"

"म्हणजे काय?"

"मग वाचा. मोठ्यांदा."

डॉक्टरने चष्मा सावरला. "बसवण्यापूर्वी... ही पट्टी काढावी."

"शाब्बास. तुम्ही पास. तुमचा एक्सपर्ट नापास. रेनकोट घालून आंघोळ घातलीय त्यानं याला!"

त्यांनी पट्टी सोलली, उष्णता खेचून घेणारी जुनी पेस्ट पुसून नवी लावली, ठोकळा बसवला आणि अर्धा तास खेळ चालवून बघितला. एक चौकोन नाही की काही नाही. मग काच परत लावली आणि पिशवी उचलली.

"अहो, पण ते चौकोन येतात ना, ते—" म्हातारी पुन्हा म्हणाली.

"आता येणार नाहीत, मावशी. निर्धास्त चालवा ट्रक."

पुढचे तीन दिवस फुंकरबाईंनी दुसरं काही काम केलं असेल तर ते तोंड चालवता चालवता. झेरॉक्सवाल्याला पट्टीची गोष्ट सांगितली, कुरियरवाल्याला सांगितली, चार्जर घ्यायला आलेल्या परक्या माणसालाही सांगितली. पट्टी त्यांनी टेबलासमोरच्या भिंतीवर चिकटवली होती. एक्सपर्टच्या दुकानासमोरून जाताना त्या मुद्दाम पावलं हळू टाकत.

चौथ्या दिवशी दुपारी घरी जेवायला बसल्या आणि फोन वाजला. डॉक्टर होता.

"मॅडम, आपोआप बंद होणं थांबलं. पण चौकोन परत आले. काल दोनदा, आज एकदा."

बाईंनी घास ताटात ठेवला. आणि बाईंच्या तोंडून निघून गेलं, "तुमच्या आईंनीच काहीतरी दाबलं असणार."

समोर नवरा जेवत होता. तो इस्पितळात नर्स होता. बोलणं बेताचं, घरातल्या एका माणसाने कमी बोलायलाच हवं म्हणून असेल. फोन ठेवल्यावर त्याने विचारलं, "खेळतात त्या बाई काय म्हणतात?"

"कोण?"

"ज्यांच्या समोर ते बंद पडतं त्या."

"त्यांना कुठं विचारलं! त्यांना त्यातलं काय कळतंय?"

"आम्हाला वॉर्डात बजावलेलं असतं," नवरा पाण्याचा पेला सरकवत म्हणाला, "पेशंटला आधी विचारा, नातेवाइकांना मग. नातेवाईक हुशार असतात. दुखत पेशंटला असतं."

एरवी बाईंनी याच्या दुप्पट सुनावलं असतं. पण ते वाक्य त्यांना खरकट्या हातासारखं अंगाला लागून राहिलं. तशाच उठल्या आणि डॉक्टरच्या घरी गेल्या.

डॉक्टर खाली कुणाच्या तरी जबड्यात होता. वर म्हातारी एकटीच. बाईंनी या वेळी पिशवी उघडली नाही. स्टूल ओढून समोर बसल्या.

"मावशी, काय होतं ते सांगा."

म्हातारीने त्यांना नीट न्याहाळून घेतलं. "आज वेळ आहे वाटतं," ती म्हणाली, आणि टेबलाच्या खणातून एक वही काढली.

अठ्ठावीस वर्षं तिने शहरबस चालवली होती. गाडी डेपोत लावताना दिवसभरातली गाडीची तक्रार लिहून द्यायची, मगच घरी जायचं; न लिहिता कधी गेली नाही. ट्रकचा खेळ सुरू केल्यावरही ती लिहीतच राहिली. तारीख, वेळ, काय दिसलं. "मेकॅनिक लोकांचं मला माहितीय," ती म्हणाली. "तोंडी सांगितलेलं त्यांना ऐकू येत नाही."

फुंकरबाईंनी वही घेऊन उघडली.

घाटातला रस्ता, दीड तास, काही नाही. शहर, पाऊस, चाळीस मिनिटांनी लाल-हिरवे चौकोन, मग पडदा काळा. पुन्हा शहर, पाऊस, पस्तीस मिनिटं, चौकोन. म्हणजे चित्र काढायला जास्त मेहनत पडली की होतं. बाईंनी पान उलटलं. "मुलगा फोटो काढत होता, काच काढून ठेवलेली. शहर, पाऊस. तीन तास चालली. काही नाही."

बाईंचे कान तापले. त्या दिवशी त्यांनीही अर्धा तास खेळ चालवून बघितला होता, आणि काच सोफ्याला टेकवलेली होती! तपासलं उघडं मशीन, आणि झाकून निघून गेल्या.

"आणि हे काय? 'गुडघा गार.' सगळीकडे लिहिलंय."

"अगं, मशीनची पाठ माझ्या उजव्या पायाशी येते. आधी मागनं गरम वारा यायचा, तेवढाच गुडघ्याला शेक. त्या हातमोजेवाल्यानं रंगीत पंखे बसवले तेव्हापासून वारा बंद. मी मुलाला म्हटलं, तर म्हणाला, आई, हे काय गुडघे शेकायचं यंत्र आहे का?"

फुंकरबाई हळूच उठल्या. वहीच्या शेवटच्या पानाचा एक तुकडा मागून घेतला आणि मशीनच्या पाठीशी, पंख्याच्या जाळीजवळ धरला. तो बाहेर उडायला हवा होता. चट्कन जाळीला चिकटून बसला. वरच्या जाळीवर धरला, तिथेही चिकटला.

नऊच्या नऊ पंखे हवा आत ओढत होते. बाहेर फेकणारा एकही नाही. पंख्याची एक बाजू देखणी असते आणि दुसऱ्या बाजूला आडव्या पट्ट्या नि वायर असते. हवा देखण्या बाजूने शिरते आणि पट्ट्यांच्या बाजूने बाहेर पडते. एक्सपर्टने सगळ्या देखण्या बाजू बाहेरून झळकतील अशा हिशेबाने पंखे लावले होते, आणि मागचे नि वरचे पार उलटे बसले होते. प्रोसेसरला पट्टी निघाल्यावर तेवढा वारा जेमतेम पुरत होता. ग्राफिक्स कार्ड मात्र स्वतःच्याच गरम श्वासात गुदमरत होतं, आणि डोकं फिरलं की चौकोन काढत होतं.

एक्सपर्टला शिव्या द्यायला याहून चांगला मोका मिळाला नसता. पण बाईंच्या तोंडातून पहिलं वाक्य आलं ते स्वतःसाठी. "पंखेवाल्याची पोरगी मी! आणि वारा कुठं जातोय ते बघितलं नाही. पट्टी सापडली आणि तिच्यावरच नाचत बसले. त्या हातमोजेवाल्यात नि माझ्यात फरक एवढाच, की मी मोजे घालत नाही."

"एवढं काही नाही," म्हातारी म्हणाली. मग वही मिटत, "थोडं आहे."

वरचे तीन आणि मागचा एक, असे चार पंखे काढून उलटे करायला अर्धा तास लागला. म्हातारीने एकेक स्क्रू ओंजळीत सांभाळला, एकही पडू दिला नाही. मग काच लावून, स्क्रू घट्ट आवळून, शहर आणि पाऊस सुरू केला. चाळीस मिनिटं झाली. तास झाला. कार्ड सत्तरच्या आसपास स्थिर होतं, आधी नव्वदच्या वर जायचं. म्हातारीने पाय जरा पुढे सरकवला.

"आला," ती म्हणाली. "वारा आला."

तेवढ्यात डॉक्टर वर आला, गळ्यात मास्क लोंबतोय. "काय निघालं? आईनंच ना काहीतरी—"

"हो, आईंनीच. आईंनीच शोधून काढलं. केव्हापासून लिहून ठेवलंय त्यांनी. वाचायची फुरसत ना तुम्हाला होती, ना मला. मी चुकले ते चुकले, या फेरीचं काही द्यायचं नाही. आणि त्या एक्सपर्टकडे आता पंख्याला तेल घालायलासुद्धा जायचं नाही."

डॉक्टर ओशाळला. पण त्याची नजर पेटीच्या वरच्या जाळीकडे गेलीच. "वरच्या पंख्यांची मागची बाजू दिसते आता. पट्ट्या, वायर... तितकंसं बरं नाही दिसत."

"डॉक्टर," फुंकरबाई म्हणाल्या, "तुम्ही दात बसवता ते चावायला बसवता की दाखवायला?"

माणूस प्रामाणिक होता. जरा विचार करून म्हणाला, "हल्ली बहुतेक दाखवायलाच."

यावर म्हातारी एवढी हसली की ट्रक फूटपाथवर चढला. तिने तो शांतपणे उतरवला, बाजूला घेतला, हँडब्रेक ओढला आणि काठी टेकत उठली.

"बस," ती फुंकरबाईंना म्हणाली. "नुसतं उघडून झाकून काय कळणार? चालवून बघ."

बाई नको नको म्हणत बसल्या. तसं त्यांनी कधी साधी सायकलही चालवली नव्हती, पण ते सांगायची त्यांची तयारी नव्हती. पहिल्या वळणावर ट्रकने कठडा तोडला, दुसऱ्या वळणाची वेळ आलीच नाही. मालासकट गाडी नाल्यात आडवी.

"स्टीअरिंग जरा सैल वाटतंय," फुंकरबाई म्हणाल्या.

"नाचता येईना अंगण वाकडं," म्हातारी म्हणाली. "यंत्राला नावं ठेवू नकोस. डावा पाय क्लचवर. डावा म्हटलं. पहिला गिअर टाक."