गाडी काढायची आहे

भाऊजी, तुम्ही माझे दीर आहात म्हणून मी गप्प बसेन असं समजू नका. तुमच्याबद्दल लिहायचं तर तुमची गाडी वगळून जमणार नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे.

जन्मभर तुम्ही चष्म्याचं दुकान चालवलंत. गिऱ्हाइकाच्या नाकावर ती जड फ्रेम चढवायची, काच बदलायची आणि विचारायचं, ‘ही बरी, का ती बरी?’ दुकान सुटलं, सवय सुटली नाही. साखर एक चमचा बरी का दोन, भिंतींना हा रंग बरा का तो. निर्णय समोरच्यानं घ्यायचा, तुम्ही नुसत्या काचा बदलणार. आयुष्यात एकच गोष्ट कुणालाही न विचारता केलीत. एका डॉक्टरांची वापरून झालेली ती जहाजाएवढी काळी गाडी दारात आणून उभी केलीत.

ऐट काय वर्णावी! कातडी सीटा, लाकडी पट्ट्या, दार लावलं की बाहेरचा आवाज बंद. आता साडेतीन लाख किलोमीटर झाले. स्प्रिंगांच्या जागी तिला हवेच्या पिशव्या आहेत, त्या गळतात, म्हणून सकाळी बघावं तर बाईसाहेब मागून जमिनीला टेकलेल्या. तुम्ही किल्ली फिरवता, पंप कण्हतो आणि ती हळूहळू उठते. अगदी मी उठते तशी.

तुमची लेक कावते, ‘बाबा, हा पांढरा हत्ती किती दिवस पोसणार?’ तिचं चूक नाही. पण तिच्या आईची, म्हणजे माझ्या धाकट्या जावेची कंबर तिला रोज दिसत नाही. ऑपरेशनपासून धाकटीला घरातली एकही खुर्ची मानवत नाही. मानवते ती फक्त तुमच्या शेजारची सीट, बटण दाबलं की पाठीला हवी तशी वळणारी. रोज संध्याकाळी फाटकासमोर तुम्ही दोघं गाडीत. तिचं विणकाम, तुमचा पेपर. इंजिन बंद आणि दोघं प्रवासाला निघालेले!

अशातच मी माझी वेताची आरामखुर्ची विणायला दिली होती. ती परत आणायला मी टेम्पो सांगणार होते. तुम्ही म्हणालात, ‘टेम्पो कशाला, वहिनी? आपल्या गाडीत आरामात मावेल.’ आणि गॅरेजवाल्या मिस्त्रींना फोन केलात, ‘रविवारी गाडी काढायची आहे, जरा येऊन जा.’ तुम्हाला ती बाहेर काढायची होती, मिस्त्रींना वाटलं विकून टाकायची आहे. आपल्या भाषेत दोन्हीला शब्द एकच, त्याला ते बिचारे काय करणार?

रविवारी मी खुर्चीखाली घालायला जुनी चादर घेऊन आले, तर मिस्त्री एका गृहस्थांना घेऊन हजर.

‘हे गाडी बघायला आलेत.’

‘बघा की!’ तुम्हाला वाटलं कौतुक करायलाच आलेत. बॉनेट उघडलंत, डिकी उघडलीत, हॉर्नसुद्धा वाजवून दाखवलात. त्यांनी कागदपत्रं मागितली तेव्हा तुमचा चेहरा पडला.

‘अहो, मी काढायची म्हणालो ते वहिनींची खुर्ची आणायला.’

मिस्त्रींनी कपाळावर हात मारला. ‘साहेब, आता आलेच आहेत तर काढूनच टाका. गिअरबॉक्स गेल्यातच जमा आहे. रिव्हर्स धड पडत नाही. पुढच्या वर्षी कुणी फुकट नेणार नाही.’

तुम्ही माझ्याकडे वळलात. ‘वहिनी, ठेवलेली बरी, का काढलेली बरी?’

‘मला काय विचारता? आत बसलीय तिला विचारा.’

धाकटी आपल्या सीटवर विणत होती. त्या गृहस्थांनी काचेवर टकटक केली. ‘काकू, जरा उतरता का? बसून बघतो.’

‘मागे बसा,’ ती म्हणाली. सुईवरची नजर काही हलली नाही. ते मुकाट्यानं मागे बसले.

मिस्त्रींनी तोड काढली. ‘काकू, ही सीट सोडवून घरात बसवून देतो. बटणं चालतील, बॅटरी जोडतो.’

‘आणि तिच्यात बसून काय फ्रिजकडे बघू? इथे बसलं की निघाल्यासारखं वाटतं.’

तुम्ही तिच्या खिडकीशी वाकलात, दुकानात वाकायचात तसे. ‘ही बरी, का—’

‘हीच बरी. काच बदलू नका.’

तुम्ही सरळ झालात. ‘पाहुणे, चहा घेऊन जा. गाडी काढायची नाही.’ इतकं ठाम बोलताना मी तुम्हाला त्याआधी ऐकलं नव्हतं, त्यानंतरही नाही.

त्या गोंधळात खुर्ची आणायची राहिली, आणि त्याच आठवड्यात रिव्हर्स पुरता गेला. तेव्हापासून तुम्ही फक्त पुढे जाता. चुकून पाव घ्यायचा राहिला तर मोठ्या चौकाला वळसा घालून परत येता, आणि धाकटी खूश, तेवढंच फिरणं झालं म्हणून. पण खुर्ची विणणाऱ्याचं दुकान बंद गल्लीच्या टोकाला. आत जाल, पण बाहेर कसे याल?

टेम्पोचं नाव काढलं की तुम्हाला राग येतो. ‘आपली गाडी असताना? गल्लीच्या टोकाची भिंत पाडणार आहेत म्हणे, वहिनी. पाडली की पहिल्या रविवारी जाऊ.’

भिंत जागच्या जागी आहे. खुर्ची विणून केव्हाच तयार आहे. मी स्टुलावर बसते आहे, भाऊजी.