आमची बोट आज पाण्यात उतरली

हातातलं काम दोन मिनिटं सोडा आणि हे वाचा.

पोरांना नदीबद्दल शिकवायला एका विद्यापीठानं पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या कारखान्यात बोट करून घेतली. तिच्या पोकळ तळात हवा भरायची, जोडांवर साबणाचं पाणी लावून गळती बघायची, हे काम माझं.

गेल्या आठवड्यात एका जोडावर फुगा आला. विद्यापीठाच्या मॅडमना घाई. म्हणाल्या, "अक्का, स्वल्पच आहे, चालेल."

"पोरं बसणार ना यात? मग नाही चालत." परत वेल्डिंग करायला लावलं.

आज हेब्बाळच्या तळ्यात बोट उतरवली. तासाभरानं तळ आतून बघितला, कोरडा ठणठणीत. मॅडम पोरांना म्हणाल्या, "थांबा, आधी अक्का बसतील."

मला पोहता येत नाही. तरी बसले. तुम्ही बसाल का आपल्या हातच्या कामावर असं?